मोहाच्या भट्टीचा निर्णय ग्रामसभेचा

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर यांपैकी कुठल्याही जिल्ह्याचं स्थानिक पान काही दिवस सलग वाचलं, तर एक बातमी हमखास भेटते. जंगलात धाड पडली, मोहफुलांचा सडवा, म्हणजे गाळण्यासाठी आंबवलेली फुलं, जागीच नष्ट केला, अमुक इतक्या जणांवर गुन्हा दाखल. सोबत फुटलेल्या ड्रमांचा फोटो. वाचणारा पान उलटतो, कारण हातभट्टी म्हणजे गुन्हा हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. मला मात्र या बातमीपाशी थांबावंसं वाटतं. घरासमोरच्या झाडाची फुलं वेचून, भिजवून, गाळून सणाला दारू काढणं हा गुन्हा केव्हा ठरला? कोणी ठरवला? आणि त्यातून भलं कोणाचं झालं?

माझं म्हणणं आधीच सांगतो. मोहाची दारू गाळायची की नाही, गाळायची तर किती आणि कशासाठी, हे ठरवण्याचा अधिकार मोहाच्या झाडाखाली राहणाऱ्या माणसांच्या ग्रामसभेला हवा. तो राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे नको आणि ही दारू आता 'वारसा' म्हणून देखण्या बाटलीत भरायला निघालेल्या उद्योगांकडेही नको. ग्रामसभेनं गाळायला परवानगी दिली तर ती मान्य करावी, आणि बंदी घातली तर तीही तितक्याच आदरानं पाळावी. या दोन्ही गोष्टी एकत्र म्हणणारे थोडे आहेत, म्हणून हा लेख.

मोह हे दारूचं झाड नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये, पळस झडत आलेला असतो तेव्हा, पहाटेपासून मोहाची मांसल, पिवळसर फुलं टपटप गळू लागतात. बायका-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातात आणि उन्हं चढेपर्यंत वेचतात. ही फुलं वाळवून ठेवतात, भाजून खातात, कुटून भाकरीत घालतात, त्यांचे लाडू करतात. दुष्काळात, आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं की याच फुलांवर कित्येक घरांनी दिवस काढले आहेत. पुढे फळं येतात. ठाणे-रायगडाकडे त्यांना दोडे म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. बियांना विदर्भात टोरी म्हणतात आणि तिचं तेल काढतात. खाणं, तेल, गुरांचा चारा आणि बाजारात विकून चार पैसे, एवढं सगळं देणारं हे झाड आहे. दारू हा त्यातला एक भाग, पण धार्मिक आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा.

गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, कोकणा, वारली, कातकरी यांच्या रीती एकमेकांहून वेगळ्या आहेत. तरी एक गोष्ट बहुतेकांकडे सापडते. दारू माणसानं पिण्याआधी ती देवाला आणि पितरांना द्यायची असते, पहिले थेंब जमिनीवर सोडायचे असतात. लग्न ठरताना दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसून पितात, तेव्हा सोयरीक पक्की होते. पंचांपुढचं भांडण मिटलं की त्याची खूण म्हणूनही दारूच. मेलेल्या माणसाच्या नावानं दारूच. म्हणजे ती साक्षीला असते. जिथे आपण अक्षता टाकतो, सुपारी फोडतो, तिथे ही माणसं मोहाची धार सोडतात. हे मान्य केलं, तरच पुढचा इतिहास किती क्रूर आहे ते कळतं.

दारूवर राज्याची नजर नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, गुत्ते आहेत, दंड आहेत. पण त्याच प्रकरणात, कुटुंबांना विशेष प्रसंगी घरी दारू करू द्यावी आणि उत्सव, मेळे, यात्रांच्या वेळी चार दिवस मोकळीक असावी, असंही सांगितलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कठोर ग्रंथकारालाही सण आणि धंदा यांतला फरक दिसत होता. हा फरक पुसून टाकला तो इंग्रजांच्या आबकारीनं, म्हणजे दारूवरच्या कराच्या व्यवस्थेनं.

मुंबई इलाख्यात 1878 चा आबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी त्या धोरणाचा मुख्य शिल्पकार. घरोघरी, पाड्यापाड्यावर दारू गाळणं बंद करायचं, गाळप मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणायचं, तिथून निघालेल्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा आणि विक्री ठेकेदारांच्या दुकानांतून करायची, असा तो बेत होता. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या आणि मुंबईला तिथून दारू जाई. डोंगरातल्या माणसाला मात्र आता स्वतःच्या झाडाची दारू पैसे मोजून दुकानातून आणावी लागली. हातात रोकड नव्हती, म्हणून उधारी आली. उधारी फिटेना, म्हणून जमीन गहाण पडली. दक्षिण गुजरातेत दारूचे दुकानदार बघता बघता जमीनदार झाले, त्याची वाट इथूनच जाते. मुंबई सरकारच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल आबकारीचं उत्पन्न भरत गेलं.

लोक तरीही चोरून गाळतच राहिले. तेव्हा सरकारनं फुलावरच हात टाकला. 1892 च्या मोहरा कायद्यानं ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आणले. हे गरिबाचं अन्न आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो बाजूला सारला गेला. कारण आरोग्याचं नव्हतं, नीतीचंही नव्हतं. चोरट्या गाळपानं उरणच्या करपात्र दारूचा खप बुडतो, हे कारण होतं. एका फुलाला गुन्हेगार ठरवणारी ही दृष्टी स्वातंत्र्यानंतरही कायद्यात टिकली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांचं नाव मादक पदार्थांच्या आणि मळीच्या शेजारी आलं. 2021 साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला, तो मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. पण फूल मोकळं झालं तरी भट्टी अजून गुन्हाच आहे.

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे आणि ती टाळून आदिवासी संस्कृतीचं गुणगान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दारू सोडण्याच्या सर्वांत मोठ्या चळवळी आदिवासींनी स्वतः केल्या आहेत. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून एक देवी निघाली. माणसांच्या अंगात येऊन ती बोलू लागली आणि गावोगाव चढत डोंगरात गेली. वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात हजारो आदिवासी तिचं बोलणं ऐकायला जमत होते. दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा आणि दारूवाल्या जमीनदाराच्या शेतात कामाला जाऊ नका, असं ती सांगत होती. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ज्या दुकानातून जमीन गेली, त्या दुकानाकडे पाठ फिरवणं हे त्या दारूबंदीचं राजकारण होतं. पुढे 1937-38 मध्ये तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांची आप चळवळ उभी राहिली. हजारो भिल्लांनी दारू सोडली आणि एकमेकांना 'आप' म्हणून मानानं हाक मारू लागले. 1972 नंतर शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नाबरोबर बायकांनी दारूचा प्रश्न हाती घेतला. त्या गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार रोज खाणाऱ्या बाईला दारूचं सांस्कृतिक मोल समजावून सांगायचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

गडचिरोलीतही तेच घडलं. लोकांनी चळवळ केली आणि 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं तर त्याआधीच, बायकांच्या आग्रहामुळे, गावसभेत चर्चा करून एकमतानं दारूला आवर घातला होता. हेच गाव पुढे 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत आलं. हा मला योगायोग वाटत नाही. दारूबद्दल एकत्र बसून ठरवू शकणारं गाव जंगलाबद्दलही ठरवू शकतं.

देवीच्या चळवळीपासून मेंढा-लेखापर्यंत एक गोष्ट समान आहे. निर्णय आतून आला तेव्हा त्याच्यामागे गावाचा कस उभा राहिला. वरून फक्त धाड येते, आणि धाडीत सापडतं ते बहुधा सर्वांत दुबळं माणूस. एखादी विधवा, चार लिटर गाळून मुलांचं भागवणारी. तिचा जामीन, वकील, तारखा यांत वर्षाची कमाई जाते. ड्रमांवर ड्रम भरून काळा गूळ आणि नवसागर घालून रग्गड गाळणारा आणि बंदीच्या जिल्ह्यात गाड्या पाठवणारा धंदेवाईक तेवढा सहज सापडत नाही. तो दारू गाळत असला तरी त्याचा मोहाच्या रीतीशी काही संबंध नाही, आणि कायद्यानं हा फरक ओळखायला शिकलं पाहिजे.

विषारी दारूचा मुद्दा नेहमी येतो. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं मेली. ती मिथेनॉलनं मेली. ते कारखान्यात वापरायचं रसायन होतं, आणि ते शहराच्या चोरबाजारात दारू म्हणून विकलं गेलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पितरांसाठी मडक्यावर मडकं ठेवून फुलं गाळणारा त्यात मिथेनॉल घालत नाही. याचा अर्थ मोहाची दारू निरुपद्रवी आहे असा नाही. कुठलीच दारू निरुपद्रवी नाही. यकृताला झाड ओळखता येत नाही. पण धोक्याच्या नावाखाली कोणावर खटला भरायचा, हे तरी नीट बघायला हवं.

आणि इथेच महाराष्ट्राच्या मद्यधोरणातला तो अन्याय दिसतो, ज्याबद्दल आपण फार कमी बोलतो. 1973 मध्ये राज्यानं देशी दारूचे नियम केले आणि मळीपासून काढलेल्या मद्यार्काची दारू परवानाधारक दुकानांत आली. ऊस कारखान्याच्या मळीला बाजार मिळाला. 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, वाईनला सवलती मिळाल्या. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचं हित हे कारण पुढे केलं गेलं. ऊसवाल्याचं हित, द्राक्षवाल्याचं हित, हे सगळं धोरणाच्या कागदावर आलं. मोहवालीचं हित मात्र कोणाच्या कागदावर आलं नाही. तिच्यासाठी पोलीस ठाण्याची डायरी होती. मळीची देशी दारू आदिवासी भागातल्या आठवडी बाजारांपर्यंत पोचली, रोजच्या पिण्याची सवय लागली, आणि वर्षातून ठरावीक वेळा गाळली जाणारी फुलाची दारू तेवढी गुन्ह्याच्या यादीत राहिली. व्यसनाबद्दल खरी चिंता असती, तर हे उलट झालं असतं.

एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलं यांच्या मद्याचा दर्जा बदलला आणि त्यांना देशीच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातलं. उद्देश असा की दर वाढावा, माल चांगल्या दुकानांत जावा, फुलांना भाव मिळावा. हेतूला मी नाव ठेवत नाही. पण त्या धोरणात गाळणारा कोण आहे ते बघा. परवाना, यंत्रसामग्री, बाटलीभरणी, भांडवल हे ज्याच्याकडे आहे तो. आदिवासी बाई इथे पुन्हा फुलं विकणारीच आहे. फुलं स्वस्तात विकायची आणि पावसाळ्यात गरज पडली की तीच व्यापाऱ्याकडून महाग घ्यायची, हे चक्र ती पिढ्यान्पिढ्या भोगते आहे. आता त्या चक्राला एक काचेची बाटली जोडली जाईल, आणि मुंबई-पुण्याच्या बारमध्ये तिच्या देवाची दारू मोठ्या दरानं विकली जात असताना तिच्या घरची भट्टी पोलीस फोडत असतील. हा देखावा मला असह्य वाटतो.

शेजारी बघितलं तर शिकण्यासारखं आहे. गोव्यानं काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं आणि 2016 मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, म्हणजे फेणीचं वय जेमतेम चार-साडेचार शतकांचं, तरी गोव्याला तिचा अभिमान आहे आणि हंगामात डोंगरउतारावर भट्ट्या उघडपणे लागतात. मोह तर इथलाच, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याच्या फुलांच्या आसवाचा उल्लेख आहे. मध्य प्रदेशानं अलीराजपूर आणि दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी महिलांच्या बचत गटांना मोहाची वारसा दारू गाळून विकायला परवाना दिला. तिथे आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना स्वतःपुरती दारू गाळण्याची सवलत कायद्यात आधीपासून आहे. सातपुड्याच्या एका उतारावर जे कायदेशीर, ते दुसऱ्या उतारावर गुन्हा. नातीगोती मात्र दोन्हीकडे एकच.

हा प्रश्न संविधान सभेतही आला होता. 24 नोव्हेंबर 1948 रोजी दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा चालू असताना आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की हा आदिवासींच्या धर्मावरचा घाला आहे, तांदळाच्या दारूशिवाय त्यांचे विधी होत नाहीत. कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर यांनीही त्या दिवशी बंदीच्या विरोधात भाषण केलं. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना, आदिवासी भागांसाठी वेगळ्या अनुसूची होत आहेत आणि तिथे त्यांच्या परिषदांचं मत घेण्याची सोय आहे, याकडे बोट दाखवलं. बंदीचं तत्त्व अनुच्छेद 47 मध्ये राहिलं. त्यांचं मत घेण्याची सोय बराच काळ कागदावरच राहिली.

आदिवासी भागांत पंचायत राज नेणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्यानं ते आश्वासन पुन्हा जिवंत केलं. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे संविधानाखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागांत, मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालणं, नियमन करणं किंवा निर्बंध आणणं हा अधिकार ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे असावा, असं त्यात स्पष्ट आहे. गौण वनोपजाची, म्हणजे मोहफुलांसारख्या लाकडाव्यतिरिक्तच्या जंगलमालाची, मालकीही त्यांचीच. 2006 च्या वनहक्क कायद्यानं ती मालकी आणखी पक्की केली. म्हणजे फूल गावाचं, आणि दारू नियंत्रित करायचा अधिकारही गावाकडे. तरी 1949 चा कायदा जुन्याच पद्धतीनं लागू होतो आणि ग्रामसभेला विचारतो कोण?

ग्रामसभेत पुरुषांचंच चालतं, असा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्रानं स्वतःच शोधलेलं आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या खुणेवर, शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होतं. मोहाच्या बाबतीतही शेवटचा शब्द महिला सभेचा ठेवावा. बायकांनी नको म्हटलं की विषय संपला, मग पाटील असो की गावचा पुजारी. त्यांनी सणापुरती हवी म्हटलं, तर किती आणि केव्हा हेही त्याच ठरवतील. दारूचा मार कोणाच्या पाठीवर बसतो ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचा होकार हलक्यात दिलेला नसेल.

दारूबंदी कायद्यात यासाठी फार मोठी उलथापालथ लागत नाही. ग्रामसभेनं ठराव करून परवानगी दिली असेल, तर घरच्या आणि विधीच्या गरजेपुरतं मोहफुलांचं गाळप गुन्हा नसावं. विक्री हा वेगळा विषय धरावा. ती करायची असेल तर परवाना गावातल्या महिला गटाला आणि ग्रामसभेच्या देखरेखीखाली मिळावा, बाहेरच्या कंपनीला मोहाच्या दारूचा परवाना नको. भौगोलिक मानांकन मिळवायचं झालं तर तेही गाळणाऱ्या समाजांच्या नावावर असावं. घरगुती गाळपासाठी आदिवासींवर जे खटले रखडले आहेत, ते सरकारनं काढून घ्यावेत. आणि गडचिरोलीत ज्या गावांनी आपल्या सीमेत मोहाची दारूही बंद केली आहे, तिथे एक थेंबही कायदेशीर होऊ नये, याची हमी त्याच दुरुस्तीत लिहिलेली असावी.

एक जागा मात्र पेसामुळेही सुटत नाही. 1892 चा कायदा ज्या कुलाब्याला लागू झाला, तो आजचा रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही. पेण, कर्जत, सुधागडच्या कातकरी वाड्यांना त्यामुळे पेसाचं संरक्षण मिळत नाही, आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत गरीब समाजांपैकी हा एक. वनहक्क कायदा मात्र तिथे लागू आहे आणि त्यात वाडीचीसुद्धा ग्रामसभा होऊ शकते. दुरुस्ती करताना तो धागा धरून रायगडच्या वाड्यांनाही हा अधिकार पहिल्या मसुद्यातच द्यायला हवा. मागाहून बघू म्हणून तो पुढे ढकलता कामा नये.